कच्चा कैदी आणि तुरुंगाचा वैद्य

१८९४ च्या तुरुंग कायद्यातील चोविसाव्या कलमात एका वहीचा उल्लेख आहे. फौजदारी न्यायालयाच्या हुकुमाने तुरुंगात आलेल्या प्रत्येक बंद्याची, दाखल झाल्यावर शक्य तितक्या लवकर, वैद्यकीय अधिकाऱ्याच्या आदेशानुसार तपासणी व्हावी, आणि त्याची प्रकृती, अंगावरील जखमा व खुणा, शिक्षा सक्तमजुरीची असल्यास तो कोणत्या वर्गाच्या श्रमास योग्य आहे, हे सर्व तुरुंगाधिकाऱ्याच्या ताब्यातील त्या वहीत नोंदले जावे, असे हे कलम सांगते. एका वाक्यात येथे दोन निरनिराळे हेतू गुंफलेले आहेत. जखमांची नोंद करण्यामागे बंदी बाहेरून कोणत्या अवस्थेत आला हे निश्चित करण्याचा हेतू दिसतो. श्रमाच्या नोंदीमागे त्याच्याकडून किती काम घेता येईल हे ठरविण्याचा. यांपैकी पहिला हेतू कच्च्या कैद्याच्या, म्हणजे ज्याच्या अपराधाचा निवाडा अद्याप व्हावयाचा आहे अशा माणसाच्या, दृष्टीने अधिक महत्त्वाचा. दुसऱ्याशी त्याचा संबंधच नाही. तथापि तुरुंगातील वैद्यकाची जी व्यवस्था पुढे उभी राहिली ती मुख्यतः दुसऱ्या हेतूवर उभी राहिली. न्यायाधीन बंद्यांच्या औषधोपचाराविषयी ज्या तक्रारी गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील न्यायालयांपुढे आल्या त्यांचे मूळ या जुन्या विसंगतीत शोधावे लागते.

वस्तुतः तुरुंगात वैद्य आला तो कच्च्या कैद्यामुळेच. १५७७ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्ड येथे भरलेल्या न्यायसत्रात तुरुंगातून आणलेल्या आरोपींबरोबर एक ज्वर न्यायालयात शिरला आणि न्यायाधीश, पंच व श्रोते मिळून सुमारे तीनशे माणसे दगावली. १७५० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हाच प्रकार घडला. त्यात शहराचा महापौर आणि दोन न्यायाधीश मृत्यू पावले. इंग्रजी लेखकांनी ज्याला तुरुंगज्वर म्हटले तो टायफस होय, आणि उवांच्या द्वारा तो पसरतो हे १९०९ मध्ये शार्ल निकोल याने सिद्ध केले. अठराव्या शतकात मात्र दोष कोंदट हवेला दिला जाई. कसेही असो, कोंडवाड्यातील आरोपी आजारी पडला तर न्यायासनही सुरक्षित राहत नाही, ही गोष्ट राज्यकर्त्यांच्या ध्यानात आली. १७७३ मध्ये बेडफर्डशरचा शेरीफ झालेल्या जॉन हॉवर्ड याला निर्दोष सुटलेली माणसेही तुरुंगाधिकाऱ्याची फी देता येत नाही म्हणून डांबून ठेवलेली आढळली. त्याच्या साक्षीनंतर १७७४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने दोन कायदे केले. त्यांपैकी दुसरा बंद्यांच्या आरोग्यासंबंधी होता. भिंतींना चुना लावणे, खोल्यांत हवा खेळविणे, आजाऱ्यांसाठी स्वतंत्र जागा राखणे आणि शल्यवैद्य अथवा औषधी नेमणे ही कामे त्याने स्थानिक न्यायाधिकाऱ्यांवर सोपविली. या कायद्याला करुणेइतकीच भीतीचीही प्रेरणा होती, हे नाकारता येत नाही. परंतु त्याच्या नजरेसमोरचा माणूस बव्हंशी निवाड्याची वाट पाहणारा होता. त्या काळी तुरुंग हे शिक्षेचे स्थान कमी आणि सुनावणीपर्यंत अडकवून ठेवण्याचे स्थान अधिक होते.

हिंदुस्थानात कंपनी सरकारच्या तुरुंगव्यवस्थेचा प्रवास नेमक्या उलट दिशेने झाला. मेकॉलेच्या सूचनेवरून १८३६ मध्ये नेमलेल्या आणि १८३८ मध्ये अहवाल देणाऱ्या समितीपुढे प्रमुख प्रश्न शिक्षेचा होता: रस्त्यांवर राबणाऱ्या कैद्यांच्या टोळ्या चालू ठेवाव्यात की त्यांना भिंतींच्या आत आणावे? १८६४ च्या समितीपुढे मृत्यूचे आकडे आले. मागील दहा वर्षांत देशातील तुरुंगांत ४६ हजारांहून अधिक बंदी मेले होते. या समितीने दर बंद्यामागे किती चौरस व घनफूट जागा असावी याची मापे ठरविली आणि जिल्हा तुरुंगाची देखरेख सिव्हिल सर्जनकडे द्यावी अशी शिफारस केली. वैद्य हा तुरुंगाचा पाहुणा न राहता कारभारी झाला तो या मार्गाने. पण या कारभारात कैद्याचा देह मोजला जाई तो श्रमाच्या मापाने.

१८९४ च्या कायद्याचे पस्तिसावे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. श्रमावर लावलेल्या कैद्यास दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये, वैद्यकीय अधिकाऱ्याने काम चालू असता त्याला वेळोवेळी तपासावे, आणि निदान पंधरवड्यातून एकदा त्याचे वजन त्याच्या तिकिटावर नोंदवावे, असा तेथे नियम आहे. श्रमाने प्रकृती ढासळत आहे असे वैद्याचे मत पडल्यास काम बदलावे लागे. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यास हे मोठे संरक्षण होते, यात शंका नाही. कच्चा कैदी श्रमावर नव्हता. म्हणून तो तराजूवरही नव्हता. एकाच्या देहाचा पंधरवड्याचा लेखा कायद्याने मागितला होता, दुसऱ्याचा नव्हता. त्याच्या वाट्याला सदतिसावे कलम आले: जो बंदी वैद्यास भेटू इच्छितो किंवा ज्याची प्रकृती बिघडलेली दिसते त्याचे नाव पहाऱ्यावरील कर्मचाऱ्याने तुरुंगाधिकाऱ्यास विनाविलंब कळवावे. म्हणजे आजार आधी पहारेकऱ्याच्या नजरेस पडला पाहिजे, त्याला तो खरा वाटला पाहिजे, आणि मगच तो वैद्याच्या वहीत चढावयाचा. एकोणचाळिसाव्या कलमाने प्रत्येक तुरुंगात रुग्णालय अथवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी असे म्हटले. 'अथवा' या एका अव्ययाच्या आधारे पुढे अनेक ठिकाणी एका खोलीवर भागविता आले.

याच कायद्यातील आणखी एक तरतूद नजरेआड करता येत नाही. 'तुरुंग' या शब्दाची व्याख्या करताना केवळ पोलिसांच्या ताब्यातील बंद्यांना ठेवण्याच्या जागा तिसऱ्या कलमाने वगळल्या. परिणामी अटक झालेल्या माणसाचे पहिले दिवस, म्हणजे ज्या दिवसांत त्याच्या देहाला सर्वाधिक धोका संभवतो ते दिवस, तुरुंगाच्या वैद्यकाच्या कक्षेबाहेर राहिले. परभणीसंबंधी बोलावयाचे तर आणखी एका गोष्टीची भर पडते. हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो हैदराबाद या 'ब' वर्गीय राज्यातच राहिला, आणि अशा राज्यांचे प्रदेश १८९४ च्या कायद्याने स्पष्टपणे वगळले होते. मुंबई इलाख्यात दोन पिढ्या रुळलेले हे दप्तर मराठवाड्यात उशिरा आले.

मराठीत 'कच्चा' आणि 'पक्का' कैदी हे शब्द कसे रूढ झाले याचा शोध भाषाभ्यासकांनी घ्यावा. पण तुरुंगाच्या कारभाराची मनोवृत्ती त्यांत नेमकी उतरली आहे. पक्का कैदी हिशेबात धरलेला असतो. त्याची मुदत ठाऊक असते, त्याचे काम ठरलेले असते, आणि दीर्घ आजारावर लांबचा उपचार योजता येतो. कच्चा कैदी उद्या सुटेल, परवा जामिनावर जाईल, पुढच्या तारखेला दुसऱ्या तुरुंगात हलेल, अशा समजुतीने त्याचा उपचारही तात्पुरता ठेवला जातो. ही समजूत दोन महिन्यांच्या कैदेत क्षम्य ठरेल. सहा वर्षांच्या कैदेत ती प्राणघातक ठरू शकते.

न्यायाधीन बंद्याची प्रकृती हा जामिनाचा मुद्दा म्हणून न्यायालयापुढे येणे ही काही अलीकडची गोष्ट नव्हे. २४ जून १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना मुंबईत अटक झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात ठेवण्यात आले. जुलैच्या आरंभी बॅरिस्टर जीनांनी त्यांच्या जामिनासाठी जो अर्ज चालविला त्यातील कारणांत टिळकांच्या मधुमेहाचाही समावेश होता. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी जामीन नाकारला. हेच दावर १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांच्या बाजूचे बॅरिस्टर होते, आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्याकडून त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता. चरित्रकारांनी हा विरोधाभास पुष्कळ रंगविला आहे. येथे त्याचे महत्त्व वेगळे आहे. आजारी आरोपीला योग्य उपचार मिळण्याचा प्रश्न त्या वेळीही 'सोडावे की न सोडावे' या प्रश्नात विरघळून गेला. तुरुंगात राहूनच त्याला काय उपचार मिळणे आवश्यक आहे, हा स्वतंत्र प्रश्न कोणी विचारला नाही. तो पुढील पाऊणशे वर्षे फारसा विचारला गेलाच नाही.

स्वातंत्र्योत्तर काळातील न्यायनिर्णयांचा आढावा येथे थोडक्यात पुरेसा होईल. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारमधील कच्च्या कैद्यांची दशा सर्वोच्च न्यायालयापुढे आली आणि शीघ्र सुनावणीचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात अंतर्भूत असल्याचे ठरले. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांविषयी पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये जो निर्णय झाला त्याने दंडाधिकाऱ्यावर एक नेमके कर्तव्य टाकले: समोर आणलेल्या आरोपीस छळाविषयी काही तक्रार आहे काय हे विचारावे, आणि वैद्यकीय तपासणीचा त्याचा हक्क त्याला समजावून सांगावा. डी. के. बसू प्रकरणात डिसेंबर १९९६ मध्ये कोठडीतील माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरविण्यात आली. राममूर्ती प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने तुरुंगांच्या ज्या प्रमुख व्याधी मोजल्या त्यांत खटल्यांतील विलंब आणि बंद्यांच्या आरोग्याची हेळसांड या दोहोंचा समावेश केला. २००५ च्या दुरुस्तीने कोठडीतील मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याकडे सोपविली; २००८ च्या दुरुस्तीने अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी आणि आरोपीच्या आरोग्याची वाजवी काळजी ही पोलिसांची वैधानिक जबाबदारी केली. कागदावर, म्हणजे, १८९४ च्या व्याख्येने सोडलेली फट बुजली.

तुरुंगांचे स्वरूप मात्र या अवधीत पालटले होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. हे प्रमाण शेकडा ७५.८ भरते. त्या एका वर्षात तुरुंगांत १,९९५ मृत्यू झाले आणि त्यांपैकी १,७७३ 'नैसर्गिक' या सदरात दाखविले गेले. आजाराने आलेला मृत्यू नैसर्गिक खरा. पण ज्या आजारावर वेळीच इलाज झाला असता त्याचा मृत्यूही याच सदरात पडतो, हे आकडे वाचताना विसरता कामा नये. पक्क्या कैद्यासाठी रचलेल्या घरात बहुसंख्य रहिवासी कच्चे झाले, तरी घराची रचना तीच राहिली.

ही रचना प्रत्यक्षात कशी अडखळते हे एखाद्या जिल्ह्याच्या नकाशावरून चटकन कळते. सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे जालना आणि जिंतूर यांना जोडणाऱ्या रस्त्यावरील वळणाचे ठिकाण. तेथील एखाद्या माणसास अटक झाली तर त्याची पहिली हजेरी तालुक्याच्या न्यायालयात लागावयाची, पोलीस कोठडी संपल्यावर त्याची रवानगी परभणीच्या जिल्हा कारागृहात व्हावयाची, आणि व्याधी गंभीर निघाली तर त्याला नांदेड अथवा छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या शासकीय रुग्णालयाचा रस्ता दाखविला जावयाचा. या प्रत्येक हालचालीस पोलीस पहारा लागतो. तुरुंगाबाहेर बंद्यास नेणे हे तुरुंगाच्या शिपायांचे काम नाही. त्यासाठी जिल्हा पोलिसांकडून पथक मागवावे लागते. पोलिसांच्या बोलीत तिला 'कैदी पार्टी' म्हणतात. बंदोबस्त, निवडणूक, सण, मोर्चा यांपैकी काहीही निघाले की कैदी पार्टी मिळत नाही. ती न मिळाल्यास न्यायालयाची तारीख चुकते, त्याहून अधिक सहजपणे रुग्णालयाची चुकते. कारण पहिल्या चुकीचा जाब न्यायाधीश विचारतो, दुसऱ्या चुकीचा विचारणारा कोणी नसतो. तुरुंगातील वैद्याने चिठ्ठी लिहून दिली, एवढ्याने उपचार झाला असे होत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षांत तळोजा मध्यवर्ती कारागृहातून मुंबई उच्च न्यायालयात जी प्रकरणे आली त्यांनी हा विषय प्रथमच लोकांच्या चर्चेत आणला. महासाथीमुळे तुरुंगांतील गर्दी कमी करावी असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये सुचविले. महाराष्ट्रात नेमलेल्या उच्चाधिकार समितीने काही बंद्यांना तात्पुरते सोडण्याचे निकष ठरविले, पण विशेष कायद्यांखालील आरोपी त्यांतून वगळले. भीमा कोरेगाव प्रकरणातील आरोपी या वगळलेल्या वर्गात मोडत होते. तेलुगू कवी वरवरा राव यांना जुलै २०२० मध्ये कोरोनाची बाधा झाली. २२ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती एस. एस. शिंदे व मनीष पितळे यांनी त्यांना प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला. तळोज्यास परत धाडणे त्यांच्या जिवास धोक्याचे होईल, असे न्यायालयास वाटले. गौतम नवलखा यांचा चष्मा तुरुंगात हरवला आणि घरच्यांनी पाठविलेला दुसरा चष्मा तुरुंगाने स्वीकारला नाही, तेव्हा माणुसकी सर्वांत महत्त्वाची आहे आणि तुरुंगाधिकाऱ्यांसाठी शिबिर भरवावे की काय, अशा आशयाचे उद्गार उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये काढले.

फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण अधिक तपशिलाने पाहावयास हवे. रांची येथे ८ ऑक्टोबर २०२० रोजी त्यांना अटक झाली तेव्हा त्यांचे वय ८३ होते आणि त्यांना कंपवात जडलेला होता. हाताच्या कंपामुळे पेला धरता येत नसल्याने नळीचा पेला मिळावा असा अर्ज त्यांनी नोव्हेंबरमध्ये केला. तपासयंत्रणेने उत्तरासाठी वीस दिवसांची मुदत मागितली आणि असा पेला आपण जप्त केलाच नव्हता असे नंतर सांगितले. ही घटना वर्तमानपत्रांत गाजली ती तिच्यातील क्षुद्रतेमुळे. अभ्यासकाने मात्र तिच्यातील यंत्रणा पाहावी. पेला ही वैद्यकीय गरज होती. ती वैद्याच्या वहीतून पुरी व्हावयास हवी होती. परंतु कच्च्या कैद्याची प्रत्येक गरज खटल्याच्या कागदात जाऊन पडते आणि तिच्यावर प्रतिपक्षाचे म्हणणे मागविले जाते. २१ मे २०२१ रोजी दूरदृश्य यंत्रणेद्वारा न्यायमूर्ती काथावाला व तावडे यांच्यापुढे हजर झाले असता स्वामींनी आपल्या प्रकृतीचा जो वृत्तान्त सांगितला तो विलक्षण साधा होता. तळोज्यास आलो तेव्हा चालता, लिहिता, आंघोळ करता येत होते. आता एकेक क्रिया सुटत चालली आहे आणि घासही दुसऱ्याने भरवावा लागतो, असा त्याचा मथितार्थ. पंधरवड्याचे वजन ज्या तिकिटावर चढते ते त्यांना लागू नव्हते. तो लेखा त्यांनी स्वतःच न्यायासनापुढे वाचून दाखविला. जे. जे. रुग्णालयात जाण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्या माणसांत परतण्याची इच्छा सांगितली. २८ मे रोजी न्यायालयाच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविले. तेथे कोरोनाची बाधा आढळली. ५ जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. ही बातमी कळली ती त्यांच्या जामीन अर्जाच्या सुनावणीच्या वेळीच.

या सुनावण्यांत तळोज्याच्या रुग्णालयाविषयी बराच वाद झाला. तेथे केवळ तीन आयुर्वेदीय वैद्य असल्याचे बचाव पक्षाने निदर्शनास आणले. शासनाच्या बाजूने उपचार पुरेसे असल्याचे सांगण्यात येत होते. येथे एक पेच लक्षात घेतला पाहिजे. आजारी अथवा दुर्बळ व्यक्तीला जामीन देता येतो, अशी सवलत सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आहे. त्यामुळे जामिनास विरोध करावयाचा तर बंद्याची प्रकृती ठीक आहे अथवा तुरुंगातील उपचार पुरेसे आहेत, असे शासनाला म्हणावे लागते. तुरुंगाच्या वैद्याचा अहवाल हा मग केवळ रोगनिदान राहत नाही. तो खटल्यातील पुरावा होतो. जो बोर्ड रोग्याला तपासतो त्याच्या कागदाचा उपयोग रोग्याच्या विरुद्ध होण्याचा संभव निर्माण होतो. वैद्याची सचोटी गृहीत धरली तरी त्याच्या आसनाची ही अडचण दूर होत नाही.

चंद्रपूर-गडचिरोली भागातील आदिवासी कार्यकर्ती कांचन ननावरे हिच्या बाबतीत तेवढाही गाजावाजा झाला नाही. २०१४ मध्ये अटक झालेली ही स्त्री जन्मजात हृदयविकाराने पीडित होती. येरवड्याच्या तुरुंगात असता तिचा आजार बळावला, प्रत्यारोपणाचा विचार करण्याची वेळ आली, आणि प्रकृतीच्या कारणावरील जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात प्रलंबित असता २४ जानेवारी २०२१ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. सहा वर्षांहून अधिक काळ ती कच्ची कैदी होती.

परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये जे घडले त्यात प्रश्न वर्षांचा नसून तासांचा आहे. १० डिसेंबर रोजी रेल्वे स्थानकाजवळील डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलिसांनी अनेकांना पकडले. त्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा अभ्यास करणारा ३५ वर्षांचा वडार तरुण होता. दोन दिवसांची पोलीस कोठडी संपल्यावर १४ डिसेंबरला त्याची न्यायालयीन कोठडीत रवानगी झाली. १५ डिसेंबरच्या सकाळी छातीत दुखत असल्याची तक्रार झाली, त्याला शासकीय रुग्णालयात नेण्यात आले, आणि तेथे तो मृत घोषित झाला. शवविच्छेदन परभणीत न होता छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अनेक जखमांमुळे बसलेला धक्का, असे मृत्यूचे कारण प्राथमिक अहवालात नमूद झाले. विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात २० डिसेंबरला मुख्यमंत्र्यांनी वेगळी बाजू मांडली: मारहाण झाली नसल्याचे त्याने दंडाधिकाऱ्यास सांगितले होते, आणि त्याला पूर्वीचा आजार होता.

या दोन विधानांतील अंतर वैद्यकीय नोंदींनीच मोजावयाचे आहे. अटकेनंतरची तपासणी, दंडाधिकाऱ्याने विचारावयाचा प्रश्न, आणि तुरुंगाच्या दारावरील जखमांची नोंद अशा तीन ठिकाणी कायद्याने या देहाकडे पाहावे असे सांगितले आहे. शवविच्छेदनाच्या टेबलावर जे दिसले ते या तीन ठिकाणी दिसले होते काय, आणि दिसले असल्यास उपचाराची हालचाल का झाली नाही, हा या प्रकरणाचा वैद्यकीय गाभा होय. पोलिसांसमोर उभे असलेल्या आरोपीने 'तक्रार नाही' म्हणणे आणि तक्रार नसणे यांत केवढा फरक असू शकतो, हे १९८३ च्या निर्णयाने गृहीत धरलेच होते. म्हणूनच प्रश्न विचारण्यापाशी न थांबता वैद्यकीय तपासणीचा हक्क समजावून सांगण्याचे कर्तव्य त्याने जोडले.

न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल मार्च २०२५ मध्ये राज्य मानवी हक्क आयोगापुढे आला. त्यात मृत्यूची जबाबदारी पोलिसांवर ठेवण्यात आली होती. मृताच्या आईने केलेल्या याचिकेवर औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जुलै रोजी तेथे हस्तक्षेपास नकार मिळाला. सूर्यवंशी याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यावरील आरोपाची सुनावणी सुरूही झाली नव्हती.